गावाने कान द्यावा



आज आम्ही एका दुखण्याविषयी बोलणार आहोत. हे दुखणं डोळ्यांना दिसत नाही. अंगाला हात लावून त्याचा ताप कळत नाही. पण त्याच्यापायी घरं मोडतात. कधी माणसंही जिवाला मुकतात. हे मनाचं दुखणं.

शहापूर आणि मुरबाड हे आपले दोन तालुके. आपल्या डोंगरांतलं भातसा आणि तानसा धरणांचं पाणी मुंबईला जातं. उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवरच्या बाया मात्र हंडा घेऊन लांब लांब चालतात. भाताची कापणी झाली, की पुष्कळ कुटुंबं वीटभट्टीवर जातात. मालकाची उचल डोक्यावर असते. घरी म्हातारी माणसं राहतात. पीक बुडालं, पोर आजारी पडलं, कर्ज वाढलं, की मनावर ओझं चढतं.

रानातून लाकडांचा भारा आणताना तो जड झाला, तर आपण काय करतो? वाटेवरच्या माणसाला म्हणतो, "जरा हात लाव रे." तो हात लावतो, भारा खाली उतरतो. मनावरचा भारा उतरवायला मात्र आपण कुणाला हाक मारीत नाही. लाज वाटते. लोक हसतील असं वाटतं. मग तो भारा एक दिवस दुसऱ्याच्या अंगावर कोसळतो. बहुतेक वेळा बायकोवर, पोरांवर, म्हाताऱ्या आईवर. कुणी स्वतःचाच जीव घ्यायला निघतो. आणि कधी तो भारा पाड्याच्या टोकाला एकट्या राहणाऱ्या म्हातारीवर पडतो.

म्हातारीचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. समजा, एका घरात तान्हं मूल दगावलं. आईचं रडं थांबत नाही. बापाला झोप नाही. ‘माझ्याच घरी असं का झालं?’ हा एकच प्रश्न त्याच्या डोक्यात फिरतो. जवळ बसून त्याचं कुणी ऐकत नाही. तो दारूकडे वळतो. मग कुणी तरी कानात सांगतं, "ही करणी आहे." भगत एक नाव घेतो. आता दुःखाची जागा रागाने घेतली. दहा जण काठ्या घेऊन त्या म्हातारीच्या दाराशी जातात. मेलेलं मूल परत येत नाही, पण आणखी एक जीव जातो. चार कर्ती माणसं तुरुंगात जातात. दोन घरं उघडी पडतात.

असं आता घडत नाही, असं कुणी म्हणू नये. मार्च २०२४ मध्ये मुरबाड तालुक्यातल्याच एका गावात जादूटोण्याच्या संशयावरून एका वृद्ध माणसाला पेटत्या निखाऱ्यांवर नाचायला लावलं. म्हातारा भाजला. पुढे पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ सालापासून आहे. त्यासाठी झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला. त्यानंतर हा कायदा आला. या कायद्याखाली सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड होतो. कायदा हवाच. पण तो बहुधा मार बसल्यावर धावून येतो. आपल्या गोष्टीतला बाप ज्या रात्री जागा होता, त्या रात्री त्याच्याजवळ कोण बसणार? हे काम गावाचं आहे.

इथे एक गैरसमज दूर करू या. मनाने आजारी असलेला माणूस म्हणजे मारकुटा, असं नाही. असे बहुतेक लोक कुणाला इजा करीत नाहीत. उलट त्यांनाच मार जास्त बसतो. त्यांना खोलीत कोंडतात, खांबाला बांधतात. तामिळनाडूत एरवाडी इथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली. तिथे ठेवलेले मनोरुग्ण साखळीने बांधलेले होते. पळता न आल्यामुळे २८ जण जळून मेले. आता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळी बांधायला बंदी आहे. या आजाराला औषध आहे आणि उपचार आहेत. लवकर गेलं, तर पुष्कळ लोक बरे होऊन कामाला लागतात.

"पण आम्ही अडाणी माणसं, आम्ही काय करणार?" असं म्हणू नका. कसारा घाट चढला, की नाशिक जिल्हा लागतो. त्या जिल्ह्यातला पेठ तालुकाही आपल्यासारखाच, डोंगराचा आणि आदिवासींचा. तिथल्या ४१ गावांत २०१३ साली ‘आत्मीयता’ नावाचं काम सुरू झालं. पुण्याच्या एका संस्थेने ते हाती घेतलं. तिने डॉक्टर आणून बसवले नाहीत. गावातलीच विश्वासाची माणसं निवडली. दुःखी माणूस ओळखावा कसा, त्याचं ऐकावं कसं, हे त्यांना शिकवलं. ती माणसं घरी जाऊन बसत, पुन्हा पुन्हा जात. कुणाचं रेशन, कुणाचं पेन्शन अडलं असेल, तर त्यासाठीही मदत करीत. कारण पोटाची चिंता आणि मनाची चिंता वेगळी नसते. दुखणं भारी असेल, तर दवाखान्याची वाट दाखवीत. पुढे गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात हेच काम मोठ्या प्रमाणावर झालं. ज्यांचं ऐकून घेतलं त्यांची मनं हलकी झाली, असं तिथल्या शास्त्रशुद्ध पाहणीत आढळलं.

दूर आफ्रिकेत झिंबाब्वे देशातही असंच झालं. तिथे डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ साली म्हाताऱ्या आज्यांना हे काम शिकवलं. दवाखान्याबाहेर एक बाक ठेवला. आजी बाकावर बसते आणि दुःखी माणसाचं बोलणं ऐकते. आज्या आपल्याकडे काय कमी आहेत?

मग आपण काय करावं?

आधी ओळखावं. झोप उडाली, जेवण सुटलं, माणूस एकटाच राहू लागला, अंगावर धावू लागला, बाळंतीण रात्रंदिवस रडू लागली, दारू वाढली, ‘आता जगून काय करू’ अशी भाषा आली, की समजावं, भारा जड झाला आहे.

मग जवळ बसावं. ऐकावं. लगेच उपदेश करू नये. "तुझ्यापेक्षा लोकांना किती दुःख आहे बघ," असं म्हणू नये. ऐकलेलं पाणवठ्यावर सांगू नये. एकदा गुपित फुटलं, की पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही.

ऐकून भागत नसेल, तर आशाताईंना सांगावं. आरोग्य केंद्रात, शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवावं. ठाण्याचं मनोरुग्णालय तर १९०१ सालापासून आहे. घरबसल्या फोनही करता येतो. नंबर आहे १४४१६. एक, चार, चार, एक, सहा. ही सरकारची ‘टेलिमानस’ सेवा २०२२ साली सुरू झाली. फोन फुकट आहे, आणि मराठीतून बोलता येतं.

भगताशी वैर धरू नये. पुष्कळ लोक आधी त्याच्याकडेच जातात. त्याला समजवावं, "बाबा, अंगारा लाव, पण दवाखान्यातही पाठव. आणि करणीच्या नावाखाली कुणा माणसाचं नाव घेऊ नकोस."

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवावी. हात उठलाच असेल, तर ती वेळ समजूत घालण्याची नव्हे. आधी बाईला आणि पोरांना सुखरूप जागी न्यावं. ११२ ला फोन करावा. बायांसाठी १८१ हाही नंबर आहे. मार खाल्लेल्या बाईला "सांभाळून घे" म्हणून परत त्याच घरात ढकलू नये. नवऱ्याचं मन दुखतं, म्हणून बायकोने मार खावा, असा न्याय नाही. त्याच्या मनावर उपचार हवेत, आणि तिच्या अंगाला संरक्षण हवं.

२००७ साली आपल्या राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तंटा गावातच मिटू शकतो, हे लोकांनी पाहिलं. आता एक पाऊल आधी टाकू या. तंटा ज्या मनात उगवतो, तिथेच त्याला गाठू या.

गाव करी ते राव न करी, असं आपण म्हणतो. दर पाड्यावर एक बाई आणि एक पुरुष असे दोघे तुम्हीच निवडा. पोटात गोष्ट ठेवणारे, दारू न पिणारे, सगळ्यांच्या घरी ज्यांना पाट मिळतो असे. पुढच्या ग्रामसभेत त्यांची नावं सांगा. यंदा भट्टीवरून माणसं परत येतील, तेव्हा त्या दोघांनी घरोघर जावं, आणि एवढंच विचारावं, "कसं चाललंय? जरा बसू का?"