कर्जफेडीची बेगमी

(बीड येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



एके काळी आपल्याकडे ‘गहाण’ हा शब्द हलक्या आवाजात उच्चारला जाई. जमीन गहाण पडली म्हणजे घराण्याची अब्रू गेली, अशी समजूत होती आणि तिला कारणही होते. १८७५ साली शेजारच्या अहमदनगर व पुणे जिल्ह्यांतील शेतकरी सावकारांच्या दारी गेले, ते मुख्यतः कर्जरोखे आणि गहाणखते ताब्यात घेऊन जाळण्यासाठी. कागदाची धास्ती एवढी होती. आज परिस्थिती पालटली आहे. शिक्षक, लिपिक, परिचारिका, पोलीस शिपाई बँकेकडे घर तारण ठेवतात आणि पेढे वाटतात. ही प्रगतीच होय. तथापि कागदाची धास्ती गेली तशी कागद वाचण्याची सवयही गेली, असे मला वाटते. सबब आज घरकर्ज फेडणाऱ्या कुटुंबाचा घरखर्च कसा असावा, या साध्या विषयावर बोलावयाचे मी ठरविले आहे.

प्रथम आकडे पाहू. एखाद्या शिक्षकाने १५ लाख रुपयांचे कर्ज द.सा.द.शे. ९ दराने २० वर्षांसाठी घेतले, असे धरा. मासिक हप्ता सुमारे १३,५०० रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील ११,२५० रुपये व्याजात जातात आणि मुद्दलातून सव्वादोन हजार तेवढे वजा होतात. पहिल्या संपूर्ण वर्षात हे कुटुंब १ लाख ६२ हजार रुपये भरते. मुद्दल कमी होते ते सुमारे २८ हजारांनी. निम्मे मुद्दल फिटावयास १४ वर्षे लागतात. वीस वर्षांअखेर १५ लाखांच्या कर्जापोटी साडेबत्तीस लाखांच्या आसपास रक्कम भरलेली असते. यात बँकेची लबाडी काही नाही. शिल्लक मुद्दलावर व्याज, हा सरळ हिशेब आहे. पण तो हप्त्याच्या एकाच आकड्यामागे लपून राहतो.

याच हिशेबातून एक गोष्ट निघते आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पहिल्या वर्षाच्या शेवटी या कुटुंबाने कसेबसे ५० हजार रुपये जास्तीचे भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर कर्ज १९ महिने आधी फिटते व सुमारे दोन लाख रुपये वाचतात. तेच ५० हजार बाराव्या वर्षाच्या शेवटी भरले, तर सात महिने आणि सुमारे ५० हजार रुपये वाचतात. म्हणजे उशिरा दाखविलेल्या काटकसरीला आधीच्या काटकसरीची सर येत नाही. आपण मात्र बहुधा उलट करतो. नव्या घरात गेल्यावर पहिल्या दोन-तीन वर्षांत पडदे, सोफा, मोठा दूरचित्रवाणी संच, वास्तुशांतीची पंगत हे सर्व उरकतो आणि मुलांची लग्ने झाल्यावर कर्ज लवकर फेडण्याचा विचार करू लागतो. बदलत्या दराच्या घरकर्जावर मुदतीपूर्व फेडीसाठी बँकेने शुल्क घेऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश २०१२ पासून आहे. तेव्हा भीतीचे कारण नाही. भरणा करताना ‘हप्ता कमी न करता मुदत कमी करावी’ एवढे लेखी सांगावे.

आता प्रश्न असा, की हे ५० हजार आणावयाचे कोठून?

काटकसर म्हटली की आपल्याला चहा, विडी, सिनेमा आठवतात. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण खरीच. पण आपल्या जिल्ह्यात अंथरूण वर्षभर सारख्या लांबीचे नसते. बीडमधील पगारदार कुटुंब बहुधा नुसते पगारदार नसते. गेवराई, माजलगाव किंवा केज तालुक्यात भावांच्या वाटणीतील तीन-चार एकर असतात. कापसाचा पैसा वेचणीप्रमाणे दसरा-दिवाळीनंतर येतो, सोयाबीनचा त्याच सुमारास. उसाचे बिल कारखान्याच्या सवडीने. खर्चाचे महिने मात्र निराळे. उन्हाळ्यात पाण्याचे टँकर आणि लग्नांचे आहेर; जून उजाडला की बियाणे, खत, मुलांचे प्रवेश आणि वह्या-पुस्तके एकदम दारात उभी राहतात. पुढे पोळा, महालक्ष्म्या, दिवाळी. हप्ता तेवढा प्रत्येक महिन्याच्या ठराविक तारखेला येतो; त्याला ना पाऊस कळतो ना सण. त्यामुळे घरकर्ज थकते ते बहुतेक वेळा मिळकत अपुरी म्हणून नव्हे, तर पैसा आणि देणे यांचे महिने जुळत नाहीत म्हणून. जूनचा हप्ता चुकतो, तो भागविण्यासाठी हातउसने किंवा सोनेतारण होते, आणि नोव्हेंबरात कापसाचा पैसा आला की तो मागच्याच खड्ड्यात जातो.

माझ्या मते म्हणूनच महिन्याचे अंदाजपत्रक आपल्या कामाचे नाही. अंदाजपत्रक वर्षाचे हवे.

हा विचार नवा नाही. आपल्या आजी-पणजीला तो अंगवळणी पडलेला होता. त्याला बेगमी असा शब्द आहे. रब्बीची ज्वारी खळ्यावरून आली की ती कणगीत, बळदात, पेवात वर्षाच्या हिशेबाने साठविली जाई. तुरीची डाळ उन्हाळ्यात घरीच तयार होई. कुरडया, पापड, सांडगे, शेवया अंगणात वाळत. स्वस्ताईच्या दिवसांत घेतलेले धान्य महागाईच्या दिवसांत पुरवावयाचे, हे त्या माउलींचे अर्थशास्त्र होते आणि त्यासाठी कोणी त्यांना वर्गात बसविले नव्हते. ज्यांना शक्य आहे त्यांनी ही धान्याची बेगमी आजही करावी. किराणा दुकानातून दर आठवड्यास दोन-दोन किलो आणण्यापेक्षा ती खात्रीने स्वस्त पडते. पण माझे म्हणणे असे, की ज्वारीची जशी, तशीच हप्त्याचीही बेगमी असावी. नोव्हेंबर ते जानेवारीत हाती येणाऱ्या पैशातून तीन हप्त्यांएवढी रक्कम प्रथम बाजूला काढावी, ती वेगळ्या खात्यात ठेवावी, आणि मे ते जुलैपर्यंत तिला हात लावू नये. काही बँका असेही घरकर्ज देतात, की कर्जखात्यात जास्तीची रक्कम ठेवली तर तेवढ्या काळाचे व्याज कमी लागते आणि गरज पडल्यास ती परत काढता येते. हंगामी मिळकत असणाऱ्या कुटुंबाला ही सोय फार उपयोगाची. कर्ज घेतानाच तिची चौकशी करावी. दर किंचित अधिक असल्यास किती, तेही विचारून घ्यावे.

हिशेब कोठे लिहावा? पुष्कळ घरांत दुधाचा हिशेब भिंतीवरील दिनदर्शिकेत मांडलेला असतो. त्याच पानावर हप्त्याची तारीख, विम्याची तारीख, घरपट्टी, शाळेचे शुल्क लाल शाईने वर्षारंभी लिहून ठेवावे. जानेवारीतच जूनचे पान भरलेले दिसले, की मकरसंक्रांतीला घ्यावयाचा भ्रमणध्वनी आपोआप दिवाळीवर ढकलला जातो. आणि हा हिशेब एकट्या पुरुषाने खिशात ठेवू नये. ज्या घरात पत्नीला कर्जाची शिल्लक ठाऊक नसते, त्या घरात काटकसर म्हणजे तिच्यावर घातलेली बंधने, एवढाच अर्थ उरतो. सातवी-आठवीतील मुलाला शिल्लक कर्जाचा आकडा दाखविण्यासही हरकत नाही. व्याजाचे उदाहरण पुस्तकातल्यापेक्षा घरचे अधिक चांगले समजते, हे शिक्षक बंधूंना मी काय सांगावे!

वाचलेला पैसा ठेवावयाचा कोठे, याबद्दल बीडमध्ये बोलताना जपून बोलावे लागते. अलीकडच्या वर्षांत या जिल्ह्यात बहुराज्यीय सहकारी पतसंस्थांमध्ये हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. त्यांत निवृत्त शिक्षकांची भविष्यनिर्वाहाची रक्कम होती, ऊसतोड करणाऱ्यांची हंगामाची कमाई होती. बँकेपेक्षा जादा व्याज, एवढेच आमिष पुरेसे ठरले. ध्यानात असू द्यावे, की बँकेतील ठेवीला, मग ती सहकारी बँक असो की राष्ट्रीयीकृत, प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण २०२० पासून आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. शिवाय ज्याच्या डोक्यावर ९ टक्क्यांचे कर्ज आहे, त्याने बेगमीपुरते पैसे हाताशी ठेवून उरलेले कर्जात भरले, तर त्यास ९ टक्के बिनधोक मिळाल्यासारखेच आहे. याहून अधिक व्याज देऊ करणारा मनुष्य भेटला, तर तो ते कोठून देणार, हे त्याला विचारावे.

व्याजदर खाली-वर होतात, त्याविषयी थोडे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला. तेव्हा अनेकांचा हप्ता तोच राहिला, पण मुदत मुकाट्याने कित्येक वर्षांनी लांबली. निवृत्तीनंतरही हप्ते चालू राहणार, हे काहींना खातेउतारा काढल्यावरच कळले. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने, दर बदलताना हप्ता वाढवावा की मुदत, याची निवड कर्जदाराला द्यावी, असे बँकांना बजावले. २०२५ साली दर उतरले. दर उतरतात तेव्हा हप्ता कमी करून घेण्याचा मोह होतो, तो टाळावा. जुनाच हप्ता भरत राहिल्यास फरकाची रक्कम मुद्दलात जाते, आणि घरात कोणाला त्याची झळही लागत नाही.

येथवर मी पगारदारांविषयी बोललो. पंचायत सदस्य बंधुभगिनी मनात म्हणत असतील, की हे आमच्या तांड्यावरच्या, वस्तीवरच्या माणसाला काय कामाचे? त्यांचे म्हणणे रास्त आहे. या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून एका कोयत्याची, म्हणजे नवराबायकोच्या जोडीची, उचल आधीच घेतलेली असते. ती आजारपणात, लग्नात, मागच्या देण्यात खर्ची पडलेली असते. हेही एक गहाणच; तारण म्हणून घर नाही, येणारे सहा महिने ठेवलेले असतात. हंगामात उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. अशा कुटुंबाला काटकसरीचा उपदेश करणे मला प्रशस्त वाटत नाही. काटकसर करावयास काही तरी शिल्लक असावे लागते. त्यांना उपयोगी पडेल ती उचलीच्या आधीच्या दोन महिन्यांत मिळणारी वाजवी व्याजाची रक्कम. महिला बचत गटांनी हे काम काही गावांत चांगले केले आहे. ज्या गावांत ऊसतोडीच्या काळात गटाची बैठकच होत नाही, तेथे गट मोडतो. बैठका मे ते सप्टेंबर या काळात घेऊन वर्षाची बचत तेवढ्यातच गोळा करण्याची मुभा गटाने स्वतःच ठरवून घ्यावी. ग्रामपंचायतीने त्यास साहाय्य करावे.

आणखी एक गोष्ट पंचायत सदस्यांनी गावात सांगितलीच पाहिजे. खाजगी व्यवहारात जमीन ‘गहाण’ म्हणून दिली जाते आणि कागद मात्र खरेदीखताचा होतो. पैसे फेडले की परत करू, हे तोंडी. कायदा सांगतो की परतीची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार गहाण समजला जात नाही. सही करण्यापूर्वी दस्त मोठ्याने वाचून घ्यावा, वाचता येणाऱ्या कोणाला तरी बरोबर न्यावे. परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याकडून तारण कर्जावर वार्षिक ९ टक्के व विनातारण कर्जावर १२ टक्के, याहून अधिक व्याज घेऊ नये, असे शासनाने २०१४ च्या सावकारी अधिनियमान्वये ठरविले. सावकारीतून अवैधपणे गेलेल्या जमिनीसाठी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. शेकडा तीन-चार रुपये महिना हा दर आपल्याकडे इतका अंगवळणी पडला आहे, की वर्षाचा तो ३६ ते ४८ टक्के होतो, हे सांगितल्यावर माणसे चमकतात.

शेवटी कर्ज फिटते त्या दिवसाबद्दल. बहुतेक लोक बँकेतून बेबाकीचा दाखला घेऊन घरी येतात आणि तेथेच थांबतात. घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत. १ डिसेंबर २०२३ पासून बँकेच्या दोषाने उशीर झाल्यास दिवसाला ५ हजार रुपये भरपाई देण्याचे बंधन बँकेवर आहे. मूळ खरेदीखत, मागील मालकांचे दस्त, सर्व मोजून घ्यावेत. मग तो दाखला घेऊन तलाठी कार्यालयात, आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, किंवा शहरात नगर भूमापन कार्यालयात जावे, सातबाऱ्यावरील अथवा मिळकत पत्रिकेवरील बोजा कमी करण्याचा अर्ज द्यावा, आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून पाहावा. इतर हक्कांच्या रकान्यात बँकेचे नाव दिसत असेल, तर पुन्हा अर्ज करावा.