पायपेटी आणि अभंग



सातारा-सांगलीकडच्या चर्चमध्ये एकाच उपासनेत दोन तऱ्हांचे गाणे कानी पडू शकते. आधी पाश्चात्त्य चालीचे गीत. सोप्रानो वर, बास तळाशी, मधे आल्टो आणि टेनर. चौघांच्या चाली वेगळ्या, शब्द एक. मग अभंग, आणि सारी मंडळी एका सुरात.

पहिली तऱ्हा इंग्रजांच्या अँग्लिकन चर्चबरोबर महाबळेश्वर-पाचगणीला आली. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या क्वायरमध्ये फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा गात असे. तोच पुढे रॉकगायक फ्रेडी मर्क्युरी झाला. दुसरी तऱ्हा इथल्या मातीतली. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात आले, तिथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ नावाचे भक्तमंडळ उभे केले. ख्रिस्ताची भक्ती अभंगातून गायची, हा त्यांचा आग्रह होता. १९१९ मध्ये ते गेले. त्यांची पदे आजही मंडळीच्या तोंडी आहेत.

या दोन्हींना जोडणारे वाद्य म्हणजे ऑर्गन. मुंबईच्या मोठ्या चर्चमधला नळ्यांचा ऑर्गन लहान मंडळीला कुठून परवडणार? तिच्या वाट्याला येते पायपेटी: पायाने भाता हलवायचा, हवेने पितळी पत्त्या बोलू लागतात. संगीत नाटकांनीही हेच वाद्य आपलेसे केले. नाटककार विष्णुदास भाव्यांच्या आणि देवलांच्या सांगलीला त्याची ओळख वेगळी करून द्यायला नको.

मात्र पायपेटीला मींड येत नाही. तिचे सूर पट्ट्यांना बांधलेले; अभंग गाणारी बाई मात्र एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाते. तिथे वादकाने गच्च कॉर्ड दाबली की गाणे गुदमरते. जाणता वादक डावा हात हलका करतो, षड्ज-पंचम धरून ठेवतो आणि गाणाऱ्याच्या मागे राहतो. इंग्रजी गीताला तोच वादक पुढे होतो, कारण तिथे श्वास कुठे घ्यायचा हे ऑर्गनच सांगतो.

हे कसब शिकवावे लागते. आता कीबोर्डवर तयार ठेका लावला की काम भागते, पण त्या ठेक्याला मंडळीसाठी थांबता येत नाही. वृद्धांचा श्वास ओळीच्या मध्येच संपतो, तेव्हा माणूस थांबू शकतो. म्हणून प्रत्येक मंडळीने दोन-तीन मुलामुलींना तरी पायपेटीवर बसवावे. स्वरलिपी शिकवावी, आल्टो-टेनर बसवून घ्यावे, आणि एखादा अभंग पेटी बंद ठेवूनही गाऊन घ्यावा.