कण्हेर : शोभा आणि सावधानता
(हीरक महोत्सवानिमित्त चेन्नई येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चेन्नईच्या कोयंबेडू फुलबाजारात अरळीच्या फुलांच्या राशी लागतात. मराठी घरांच्या देवघरांत हीच फुले कण्हेर या नावाने येतात. अमरकोशात या झुडपाला ‘करवीर’ म्हटले आहे. तेथेच त्याचे आणखी एक नाव आहे, ‘हयमारक’, म्हणजे घोड्याला मारणारे. जुन्या कोशकाराने शोभा आणि धोका शेजारी शेजारी नोंदवले. पुढील पिढ्यांनी फुले जपली, इशारा मात्र विसरला.

कण्हेर सदाहरित आहे. तिची लांबट, चिवट पाने बहुधा तीन-तीनच्या फेऱ्यांत येतात. फुले गुलाबी, तांबडी वा पांढरी असतात. कडक ऊन, पाण्याची ओढ आणि समुद्राचा खारा वारा ती सोसते. गुरे सहसा तिला तोंड लावत नाहीत. म्हणूनच महामार्गांच्या दुभाजकांवर आणि कुंपणांलगत ती आवर्जून लावली जाते.

परंतु तिचे मूळ, खोड, पान, फूल असे प्रत्येक अंग विषारी आहे. त्यातील द्रव्ये हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवतात. तिची नातलग पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी, हीदेखील तितकीच घातक. तिच्या टणक बिया मुले खेळण्यासाठी गोळा करतात, हे पालकांनी विशेष ध्यानात ठेवावे. मे 2024 मध्ये केरळातील त्रावणकोर व मलबार देवस्वम मंडळांनी नैवेद्यात आणि प्रसादात अरळीची फुले वापरणे थांबवले, ते याच भीतीपोटी.

मग झुडूप तोडावे काय? तसे नव्हे. फूल देवाला वाहावे, पण नैवेद्यात मिसळू नये. छाटणीनंतर हात धुवावेत. फांद्या जाळू नयेत, कारण धूरही अपायकारक असतो. मुलाने पान वा बी चावल्यास घरगुती उपायांत वेळ दवडू नये, उलटी करवू नये. 108 वर दूरध्वनी करून त्वरित रुग्णालय गाठावे आणि झाडाची डहाळी किंवा छायाचित्र सोबत न्यावे. मळमळ, चक्कर, मंदावलेली नाडी ही लक्षणे दिसेपर्यंत थांबू नये.

शाळेच्या अंगणातील प्रत्येक झाडाचे नाव आणि स्वभाव मुलांना ठाऊक असणे, हाही शिक्षणाचाच भाग आहे. ज्या मुलाला कण्हेरीची दोन्ही नावे ठाऊक आहेत, ते तिचे फूल डोळे भरून पाहील आणि पान तोंडात घालणार नाही.