आईची भाषा बंद करू नका

आपल्या सोलापुरात एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी कानावर पडते. पण ज्या मुलाला नीट ऐकूच येत नाही, त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलायचं हे कोण ठरवतं? आज मी माझीच एक चूक सांगणार आहे.

पूर्व भागातल्या एका विडी कामगार बाईचा मुलगा दोन वर्षांचा झाला तरी बोलेना. ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणत घरच्यांनी वाट पाहिली, आणि दोष मात्र तिला दिला. पुढे तपासणी झाली, श्रवणयंत्र मिळालं. तेव्हा तिला सांगण्यात आलं, ‘शाळा मराठी आहे, घरातही मराठीच बोला.’ शेजारी बसून मीही मान डोलावली.

काही महिन्यांनी तिच्या घरी गेले. मांडीवर सूप, हातात पानं, शेजारी मुलगा. आणि ती गप्प. म्हणाली, ‘ताई, माझं मराठी चुकतं. पोराचं नुकसान नको, म्हणून बोलतच नाही.’ लाड करायची, रागवायची, गोष्ट सांगायची तिची भाषा तेलुगू. ती आम्ही बंद केली, आणि मुलाच्या वाट्याचे शब्दच गेले.

आई ‘नीळ्ळु’ म्हणत पाण्याचा तांब्या पुढे करते, तेव्हा मूल शब्द शिकतं. दोन भाषांमुळे कर्णबधिर मूल गोंधळतं, याला आधार नाही. खरा धोका आहे भाषेविना जाणाऱ्या दिवसांचा. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत ख्रिस्तीन योशिनागा-इटानो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांच्या आत निदान होऊन लगेच मदत मिळालेली मुलं भाषेत बरीच पुढे असल्याचं त्यात दिसलं.

आता आम्ही सांगतो : घरची भाषाच बोला, समोर बसून बोला, सोबत खुणाही शिका. खुणा शिकलं की मूल बोलणार नाही, ही भीती खोटी आहे. भारतीय सांकेतिक भाषेच्या शब्दकोशात २०१८ साली तीन हजार शब्द होते, २०२१ मध्ये ते दहा हजार झाले. कर्णबधिर मुलाला त्याला सर्वांत योग्य अशा भाषेत शिक्षण मिळावं, असं २०१६ चा दिव्यांग हक्क कायदाही म्हणतो.

पण ‘मुलाशी बोला’ हे सांगणं सोपं आहे. विड्यांची मजुरी हजारावर मिळते. तपासणीला गेलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. मग खुणा एकट्या आईनेच का शिकायच्या? बापाने, आजीने, भावंडांनीही शिकायला हव्यात. आणि प्रत्येक नवजात बाळाच्या कानांची तपासणी व्हावी, ही मागणी आपण संघटनेतून लावून धरली पाहिजे.

तो मुलगा आज हाताने ‘पाणी’ अशी खूण करतो आणि तोंडाने ‘नीळ्ळु’ म्हणतो. त्याची आई पुन्हा बोलू लागली आहे. मैत्रिणींनो, तुमच्या वस्तीत अशी एखादी गप्प केलेली आई आहे का, ते पाहा. आधी तिला बोलतं करूया.