रस्त्यावरची कला आणि कायदा



डोंबाऱ्याचा खेळ संपला की थाळी फिरते. तीत पडणारा पैसा मोबदला की भीक? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण त्याच्या उत्तरावर एका माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून आहे.

द्वैभाषिक मुंबई राज्याने १९५९ साली भीक प्रतिबंधक कायदा केला. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे अशा 'बहाण्याने' सार्वजनिक जागी भिक्षा मागणे वा घेणे, हेही त्याच्या व्याख्येत बसले. पहिल्याच वेळी दोषी ठरलेल्याला एक ते तीन वर्षे संस्थेत डांबण्याची तरतूद झाली. त्या एका शब्दाने कसबाचा बहाणा झाला! दिल्लीतही हा कायदा लागू होता; भीक मागणे गुन्हा ठरविणारी त्याची कलमे २०१८ साली तेथील उच्च न्यायालयाने रद्द केली, पण दिल्लीपुरतीच.

लंडनमध्येही रस्त्यावरच्या वादकांचा जाच होई. गणितज्ञ चार्ल्स बॅबेज त्यांच्यावर फार चिडत असे. १८६४ साली कायदा झाला : आजारपण, कामातील व्यत्यय अशा सबळ कारणासाठी घरमालकाने सांगितल्यास वादकाने दूर जावे, न गेल्यास चाळीस शिलिंगांपर्यंत दंड. कायदा कडकच; पण त्याचा रोख आवाजावर होता, वादनाला त्याने बहाणा म्हटले नाही.

नगरपालिकांनी जागा, वेळ आणि आवाज यांचे नियम अवश्य करावेत. रस्ता मोकळा राहावा, आजाऱ्याला झोप मिळावी. मात्र दोरीवर तोल सावरणाऱ्याची कला खरी की खोटी, हे ठरविणे शिपायाचे काम नव्हे. तो निवाडा थाळीत पैसा टाकणाऱ्यावर सोडावा.