शब्द शेवटच्या बांकापर्यंत

(राजूर येथें ज्युबिली महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या सभेंत थोरांचें स्मरण करावें, मंदिराचा पाया कोणीं घातला हें सांगावें, अशी रीत आहे. आणि तें कार्य आमच्यापेक्षां अधिकारी वक्त्यांनीं आज केलेंच आहे. आमच्या वांट्यास एक लहानसा विषय आला आहे. मंदिराच्या मागच्या भिंतीशीं एक मेज आहे, त्यावर एक चपटी पेटी आहे, आणि तिच्यावर नॉबांच्या रांगा आहेत. तिला मिक्सर म्हणतात. जे तरुण पुढें ती चालविणार आहेत त्यांस ती कशी चालवावी हें सांगावें, अशी आम्हांस आज्ञा झाली. विषय यंत्राचा दिसतो. पण त्यांत माणसें गुंतलेलीं आहेत, म्हणून आरंभीं एका माणसाचीच हकीकत सांगतों.

आपलें राजूर हें कोळशाच्या खाणीचें आणि चुनाभट्ट्यांचें गांव. ज्यांनीं जमिनीखालीं हयात घालविली, त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या कानांनीं त्याची किंमत दिली आहे. सुरुंगांचे स्फोट आणि छिद्रें पाडणाऱ्या यंत्रांचा खडखडाट वर्षानुवर्षें ऐकून कान कसे साबूत राहावे? असे एक आजोबा तिसऱ्या बांकावर नेहमीं बसत. नवा मिक्सर आला, तेव्हां आम्हीं मोठ्या हौसेनें आवाज वाढविला. कांहीं आठवड्यांनीं पाहतों तों आजोबा बाहेर कडुनिंबाखालीं बसलेले. आम्हीं विचारलें, "आजोबा, आंत आवाज कमी येतो काय?" ते म्हणाले, "आवाज तं लय येते बापा, पन बोल समजत नाही." यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेनें जें शिकविलें नव्हतें, तें या एका वाक्यानें आम्हांस शिकविलें.

ही तक्रार क्षुल्लक मानूं नये. इ. स. १९६३ च्या डिसेंबरच्या ४ तारखेस दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेविषयींची घटना जाहीर केली, आणि उपासनेंत लोकभाषांना वाट मोकळी झाली. त्यापूर्वीं मिस्सा लॅटिन भाषेंत होत असे. शब्द कानीं न पडला तरी भाविक आपल्या प्रार्थनापुस्तकावर किंवा जपमाळेवर मन ठेवून तींत सहभागी होत. आतां वाचन मराठींत होतें, प्रार्थना मराठींत होते, आणि ती सर्वांस समजावी हाच त्या बदलाचा हेतु. तो मराठी शब्दच जर आमच्या हातून अस्पष्ट झाला, तर दोष यंत्राचा नव्हे, आमचा होय.

आतां यंत्राकडे वळूं. प्रत्येक माईकची तार मिक्सरच्या एकेका उभ्या पट्टींत येते. तिला चॅनेल म्हणतात. शेतांत पाटाचें पाणी वाहतें, तसा आवाज या पट्टींतून वरून खालीं उतरतो. प्रथम गेन, मग आवाजाचा जाडपणा व धार कमीजास्त करणारा इक्वलायझर, मग बाजूस पाणी काढून देणारे ऑक्सचे नॉब, आणि शेवटीं वर-खालीं सरकणारा फेडर. सर्व पट्ट्यांचें पाणी पुढें एका मोठ्या पाटांत मिळतें. त्यावरचा दरवाजा म्हणजे मास्टर फेडर.

बहुतेकांची चूक पहिल्याच नॉबपाशीं होते. फेडर हाताशीं असतो, म्हणून आवाज कमी पडला कीं तोच वर ढकलतात. गेनकडे कोणी पाहत नाहीं. गेन फार कमी ठेवला, तर पुढें कितीहि ओढलें तरी आवाजाबरोबर सळसळ वाढते. तो फार वाढविला, तर आवाज फाटतो. आणि एकदां फाटलेला आवाज पुढील कोणत्याहि नॉबनें सांधतां येत नाहीं. म्हणून रीत अशी कीं, उपासनेपूर्वीं अर्धा तास वाचकास माईकपुढें उभें करावें, आणि ज्या आवाजांत तो खरोखर वाचणार त्याच आवाजांत चार ओळी वाचावयास सांगाव्या. "हॅलो, चेक, वन टू" एवढ्यानें कांहीं कळत नाहीं. त्या पट्टीचें पीएफएल नांवाचें बटण दाबावें, म्हणजे तो एकच माईक हेडफोनमध्यें ऐकूं येतो आणि दिव्यांच्या मापकावर दिसतो. मग गेन हळूहळू असा वाढवावा कीं हिरवे दिवे भरपूर लागतील, पिवळा क्वचित् लागेल, आणि लाल मोठ्यानें वाचतांनाहि लागणार नाहीं. नंतर फेडर शून्याच्या खुणेशीं आणावा. येथें शून्य म्हणजे बंद नव्हे. आलेला आवाज न वाढवितां, न घटवितां पुढें सोडणें, असा त्याचा अर्थ आहे. फेडर त्या खुणेजवळ असला म्हणजे बोटाची बारीक हालचाल बारीकच फरक करते. तो तळाशीं असला, तर केसभर सरकतांच आवाज उसळतो.

आतां आजोबांच्या तक्रारीकडे येऊं. आपल्या शब्दांतील आ, ओ, ऊ हे स्वर जोरकस असतात आणि त्यांचें बळ खालच्या पट्टींत असतें. पण शब्दाशब्दांतील भेद पुष्कळदां व्यंजनांवर अवलंबून असतो. 'कान', 'पान' आणि 'दान' या तीन शब्दांत पहिल्या अक्षराच्या व्यंजनाखेरीज भेद काय आहे? हीं व्यंजनें दुबळीं असून त्यांची ओळख पटविणारा बराच भाग दर सेकंदास २००० ते ४००० कंपनें, म्हणजे तितके हर्ट्झ, या टापूंत असतो. गोंगाटानें बिघडलेल्या कानाची शक्ति प्रथम बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपासच जाते. म्हणजे आजोबांस 'आ' ऐकूं येत होता, आणि त्यापूर्वींचें व्यंजन येत नव्हतें. आम्हीं तर आवाज भारदस्त वाटावा म्हणून खालच्या पट्टीचा नॉब वर चढविलेला! जें त्यांस आधींच पुरेसें मिळत होतें तेंच आम्ही वाढीत होतों, आणि त्या घुमण्याखालीं उरलींसुरलीं व्यंजनेंहि बुडत होतीं.

उपाय सोपा निघाला. बोलण्याच्या प्रत्येक माईकच्या पट्टीवर लो कट नांवाचें बटण असतें. पुष्कळ मिक्सरांवर तें ८० किंवा १०० हर्ट्झच्या खालचा आवाज उतरवितें. तें दाबावें. खालच्या पट्टीचा नॉब मध्यापासून किंचित् मागें घ्यावा. मधल्या पट्टीचा नॉब ३००० हर्ट्झच्या सुमारास दोन-तीन डेसिबल वर न्यावा, त्याहून अधिक नको. अति तेथें माती, आणि आवाज कर्कश झाला तर ज्यांचे कान चांगले आहेत तेहि बाहेर जाऊन बसतील. प्रतिध्वनि देणारा एको गाण्यास कोणास आवडत असेल. वाचनास आणि उपदेशास तो पूर्ण बंद ठेवावा. पत्र्याचें छप्पर आणि उघड्या भिंती यांनीं आपल्या मंदिरास फुकटचा एको पुरेसा दिला आहे.

दुसरा शत्रु म्हणजे शिट्टी. स्पीकरचा आवाज माईकमध्यें शिरतो, तेथून मिक्सरमध्यें, तेथून पुन्हां स्पीकरमध्यें. ही फेरी वाढत जाते आणि शिट्टी फुटते. म्हणून स्पीकर नेहमीं माईकच्या पुढें, लोकांकडे तोंड करून असावे, आणि माईक बोलणाऱ्याच्या जवळ असावा. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं आवाज सुमारें ६ डेसिबलनें उतरतो. वीतभर अंतरावरचा माईक दोन वितींवर गेला, तर ती तूट भरण्यास गेन वाढवावा लागतो, आणि शिट्टी तितकी जवळ येते. तसेंच उघड्या माईकांची संख्या दुप्पट झाली कीं शिट्टीपूर्वीं मिळणारी वाढ सुमारें ३ डेसिबलनें घटते. दोन माईकांच्या जागीं आठ उघडे ठेवले, तर ६ डेसिबल विनाकारण गेले. म्हणून वाचन चालू असतां गायकांचे, पेटीचे आणि ढोलकीचे माईक म्यूटचें बटण दाबून बंद असलेच पाहिजेत. शिट्टी आलीच, तर घाबरून मास्टर खालीं ओढूं नये. शेवटीं जो माईक वर केला असेल, त्याचाच फेडर थोडा उतरवावा.

तिसरी गोष्ट ऑक्सची. ऑक्सचा नॉब म्हणजे मुख्य पाटाखेरीज दुसरीकडे नेलेलें पाणी. गायकांस स्वतःचें गाणें ऐकूं यावें म्हणून त्यांच्यापुढें ठेवलेला स्पीकर एका ऑक्सवर असतो. त्यास प्री-फेडर जोडावा, म्हणजे मंदिरांतील आवाज कमीजास्त केला तरी गायकांचा आवाज हालत नाहीं. आमच्याकडे दुसऱ्या ऑक्सवर बाहेरचा कर्णा होता. तो नॉब कोणें एके काळीं कोणीतरी वर करून ठेवला, आणि पुढें कोणीं त्याकडे पाहिलें नाहीं. एके दिवशीं शेजारची एक माउली आली आणि म्हणाली, "आमचे हे रात्रपाळी करून आतांच निजले आहेत. कर्ण्याचें तोंड थोडें वळवतां येईल का?" तिच्या स्वरांत राग नव्हता, त्यामुळें आम्हांस अधिकच लाज वाटली. त्याच दिवशीं तो नॉब शून्यावर आणला.

या बाबतींत कायदाहि स्पष्ट आहे. इ. स. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें रात्रीं १० पासून सकाळीं ६ पर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास सामान्यतः मनाई आहे, आणि वस्तीच्या भागांत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ठरविली आहे. त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्यें सर्वोच्च न्यायालयानें चेन्नईंतील एका ख्रिस्ती प्रार्थनामंदिराच्याच प्रकरणांत सांगितलें कीं, ध्वनिवर्धक लावून दुसऱ्यांची शांति भंग करीत प्रार्थना करावी असें कोणताहि धर्म सांगत नाहीं. हा निकाल आपल्यासारख्यांविषयींच दिलेला आहे, हें आपण विसरूं नये. मात्र कायद्याच्या आधीं ती माउली आमच्या दाराशीं आली होती.

आतां शेवटचें. आजोबांचें पुढें काय झालें, हें ऐकण्याची आपणांस उत्सुकता असेल. लो कट दाबला, खालची पट्टी उतरविली, नको ते माईक बंद केले, आणि वाचकास माईकजवळ उभें राहण्यास सांगितलें. मास्टर फेडर तर पूर्वींपेक्षां खालींच होता. आम्ही स्वतः जाऊन आजोबांस हात धरून आंत आणिलें. बाहेर निघतांना ते म्हणाले, "आज बोल समजले." खोटें बोलूं नये, म्हणून हेंहि सांगतों कीं सणाच्या दिवशीं ढोलकी आणि सर्व गायक एकत्र आले म्हणजे त्यांस अजून समजत नाहीं; तें आम्हांस अद्याप साधलेलें नाहीं.

तें तरुणांनीं साधावें. त्यासाठीं एक शिस्त सांगून ठेवतों. मेजापाशीं बसून मिक्सर चालवूं नये. वाचन चालू असतां एकदां उठून शेवटच्या बांकापर्यंत जावें, तेथें क्षणभर उभें राहावें, शब्द कळतो कीं नाहीं हें आपल्या कानानें पाहावें, आणि मग परत येऊन नॉबला हात लावावा. मुलांनीं आणि मुलींनींहि दर शनिवारीं सायंकाळीं यावें. आम्हांस जें थोडें येतें तें आम्ही आनंदानें दाखवूं. मंदिर बांधणाऱ्यांनीं शेवटचें बांक कोणासाठीं तरी ठेविलें आहे. तेथें बसणाऱ्यास शब्द पोंचविणें, हें त्यांचेंच काम पुढें नेणें आहे.

इतकें बोलून आम्ही आपली रजा घेतों.