चिठ्ठी नीट हलवली का?

आम्ही घुग्घुसच्या एका बचत गटातल्या बाया बोलतो आहोत. आज बोलायचं आहे आकड्यांबद्दल. घाबरू नका, हिशोब विचारणार नाही.

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीच्या खात्यातून चार हजार रुपये गेले. एटीएम कार्ड घरातल्याच डब्यात होतं. पिन तिने कोणालाही सांगितला नव्हता, कुठे लिहिलाही नव्हता. मग पैसे गेले कसे? शेवटी कळलं, घरी येणाऱ्या-जाणाऱ्या ओळखीच्याच पोराने कार्ड उचललं होतं. पिन होता तिच्या मोठ्या मुलाचं जन्मसाल. पोराला दुसऱ्याच प्रयत्नात जमलं. पैसे परत मिळाले, पण ती बाई दोन बैठकांना आली नाही. घरचे म्हणत होते, तुझीच चूक, तूच कोणाला तरी सांगितलं असशील.

तिसऱ्या बैठकीला आम्ही तिला घेऊन आलो आणि सगळ्यांना म्हटलं, पिन सांगू नका, फक्त हात वर करा. कोणाचा पिन जन्मसाल आहे? लग्नाचं साल? गाडीचा नंबर? एक-दोन-तीन-चार? आम्ही बारा जणी होतो, नऊ हात वर आले. कोणी हसलं नाही. चूक तिच्या एकटीची नव्हती, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

चार आकडी पिन दहा हजार प्रकारचे होऊ शकतात. तीनदा चुकला की बहुतेक कार्डं बंद पडतात. म्हणजे चोराला दहा हजारांतून तीन संधी. पण पिन घरातल्या कोणाचं जन्मसाल असेल, तर दहा हजार कुठले? पाच-सहाच उरतात.

कोणालाही ओळखता न येणारा आकडा मनाने काढणं माणसाला जमत नाही. मन ओळखीच्याच जागी जातं. पण असा आकडा काढायची रीत आपल्याला चांगली ठाऊक आहे. भिशीचा नंबर आपण कसा काढतो? सगळ्या चिठ्ठ्या सारख्या कापतो, सारख्या दुमडतो, डबा खूप हलवतो आणि लहान लेकराला चिठ्ठी काढायला लावतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोघांना सारखी मतं पडली तरी चिठ्ठीच काढतात. एखादीने आपल्या चिठ्ठीचा कोपरा मुडपून ठेवला, तर डबा तोच, झाकण तेच, पण भिशी खोटी. आणि बाहेरून ते दिसत नाही.

आता आपला मोबाईल पाहा. मोबाईलवरून पैसे पाठवतो तेव्हा आपला फोन आणि बँकेचा संगणक त्याच घडीला एक गुप्त किल्ली ठरवतात. वाटेतला निरोप त्या किल्लीने बंद होऊन जातो. कुलूप कसं बनवलं आहे, हे जगाला माहीत असतं, ते लपवलेलं नसतं. लपवलेली असते ती फक्त किल्ली, आणि किल्ली म्हणजे एक भला मोठा आकडा. नेहमीच्या वापरातल्या एका प्रकारात तो ३९ अंकांपर्यंत जातो. एकेक आकडा लावून पाहायचा म्हटलं तर जगातले सगळे संगणक मिळूनही पुरे पडणार नाहीत.

पण हा आकडा काढायचा कोणी? संगणक हुकमाचा ताबेदार. त्याला तेच सांगितलं की तो तेच उत्तर देतो. डोळे मिटून चिठ्ठी काढणारं लेकरू त्याच्याकडे नाही. म्हणून त्याला बाहेरून काहीतरी गोळा करावं लागतं. आपल्या घुग्घुसात दोरीवर पांढरं लुगडं वाळत घाला, कोळशाचा पुढचा कण त्यावर कुठे पडेल, सांगता येतं का? तशाच बारीक गोष्टी यंत्र टिपतं. आपलं बोट पडद्याला नेमकं कोणत्या क्षणी लागलं, आतल्या विजेच्या प्रवाहात किती बारीक थरथर झाली. हे सगळं एकत्र घुसळून त्यातून सुरुवातीचा आकडा निघतो. संगणकवाले त्याला बीज म्हणतात. विरजण चमचाभर घालतो आणि दही भांडंभर होतं, तसे एका चांगल्या बीजातून पुढचे हवे तेवढे आकडे काढता येतात. पण विरजणच खराब असेल तर दही कसलं होणार?

मोठमोठ्यांचंही विरजण खराब निघालं आहे. १९९५ साली नेटस्केप नावाचा कार्यक्रम लोक इंटरनेट पाहायला वापरत. तो आपलं बीज मुख्यतः घड्याळातली वेळ आणि संगणकातल्या कामाचे क्रमांक यांवरून काढत होता. इयन गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या अमेरिकेत शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी ते शोधून काढलं. वेळ तर कोणालाही कळते! जन्मसालाच्या पिनसारखीच गोष्ट झाली.

दुसरी गोष्ट डेबियनची. स्वयंसेवकांनी बनवलेली ही संगणकप्रणाली जगभर वापरतात. २००६ मध्ये तिच्यातला किल्ल्या बनवणारा भाग साफसूफ करताना बीज घुसळणारी ओळच निघून गेली. उरला फक्त कामाचा क्रमांक, तो फार तर ३२,७६८ पर्यंतचा. जवळपास दोन वर्षं संगणक नेहमीसारखे चालले, कुलपं लागत राहिली, कोणाला काही कळलं नाही. मे २००८ मध्ये लुसियानो बेल्लो यांनी चूक पकडली, तेव्हा त्या काळात बनवलेल्या किल्ल्या टाकून लोकांना नव्या कराव्या लागल्या. कच्चं कुलूपही बाहेरून बंदच दिसतं, बायांनो.

आपल्या महाराष्ट्रातलंही एक उदाहरण आहे. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. आधारचा आकडा असाच न ओळखता येणारा काढतात. त्यावरून आपलं गाव, जात, जन्मसाल काही कळत नाही. पण तो गुप्त नाही. त्याची झेरॉक्स आपण दहा ठिकाणी देतो. म्हणून आधारचे शेवटचे चार आकडे पिन म्हणून ठेवू नका. आमच्यातल्या दोघींचे तसेच होते.

आणि ओटीपी? सहा आकड्यांचा ओटीपी दहा लाख प्रकारचा होऊ शकतो आणि थोड्याच वेळात निकामी होतो. चोराला तो ओळखता येत नाही, म्हणूनच तो फोन करून आपल्यालाच विचारतो. "ताई, बँकेतून बोलतोय, केवायसी राहिली आहे." यंत्राने एवढ्या कष्टाने काढलेला आकडा आपण तोंडाने सांगून टाकला, तर कुलूप काय करणार? फसवणूक झालीच तर लाजेने घरात बसू नका. लगेच १९३० ला फोन लावा आणि बँकेला कळवा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.

त्या बैठकीनंतर आम्ही सगळ्यांनी पिन बदलले. कसे, ते सांगतो. घरी एकटीने बसायचं. शून्य ते नऊ अशा दहा चिठ्ठ्या सारख्या दुमडून डब्यात टाकायच्या. हलवायचं, न पाहता एक काढायची, आकडा टिपायचा. ती चिठ्ठी परत डब्यात टाकून पुन्हा हलवायचं, हे विसरायचं नाही. असं चार वेळा, सहा आकडी पिन असेल तर सहा वेळा. योगायोगाने जन्मसाल किंवा एक-दोन-तीन-चार आलं तर पुन्हा काढायचं. बाकी जो येईल तो ठेवायचा, आवडला नाही म्हणून बदलायचा नाही. आवडीचा आकडाच तर लोक ओळखतात. दोन-चार दिवस मनात घोकायचा आणि टिपलेला कागद चुलीत टाकायचा. कार्डाच्या पाकिटावर किंवा पासबुकावर लिहायचा नाही.

आमची ती मैत्रीण आता बैठकीला येते. नव्या बाईचं खातं उघडलं की डबा आणि चिठ्ठ्यांची रीत तीच समजावून सांगते. तुमच्याही गटात एकदा हात वर करून पाहा.